वेलोमोराचा सरडगुहिरा

अँडासिबेच्या रानात पाहुण्यांना हिंडवणाऱ्या वेलोमोराला गावात बढाईखोर म्हणत, ते रंग बदलणाऱ्या एका सरडगुहिऱ्यापायी. दीड हात लांब, मांजराच्या अंगाचं, नाकावर दोन शिंगांचं धूड. ‘झाराच्या जन्माआधीपासून हाच इथं आहे,’ असं तो पाहुण्यांना सांगायचा. झारा त्याची मुलगी, बारा वर्षांची. लोक म्हणत, सरडा तो, वर्षा-दोन वर्षांत आटपायचा.

मग राजधानीतून सरड्यांचा अभ्यास करणाऱ्या हांताबाई आल्या. मोठ्या जातीचे सरडे सावकाश वाढतात आणि पुष्कळ जगतात, असा त्यांचा अंदाज. पुरावा मिळाला तर सरड्यांवर लक्ष ठेवायचं कायमचं काम वेलोमोराला मिळणार होतं.

“पण हाच तो कशावरून?” बाईंनी विचारलं.

खूण करायला अंगाला हात लावायचा कुणी? सरड्याला इजा केली की घरात व्यंगाचं मूल जन्मतं, हे तिथं शेंबडं पोरही जाणतं. वेलोमोरा दरवर्षी लांबूनच अंदाज घेऊन त्याच्या लांबीचा राफिया ताडाच्या पानांचा दोरा कापून ठेवायचा. त्याने ते बारा दोरे मोठ्या रुबाबात अंगणात मांडले. सगळे सारखेच! सरड्याची वाढ केव्हाच थांबली होती.

“एकाच सकाळी कापलेस का रे, दादा?” शेजारच्या तोम्बोने विचारलं. अंगण हसलं. वेलोमोराचं तोंड एवढंसं झालं.

भात कांडणारी त्याची बायको बाओवोला मुसळ टाकून उठली.

“अहो, त्याच्या नाकावरचं डावं शिंग अर्धंच आहे ना?”

“हो. झुंजीत तुटलं असेल.”

“झुंजीत नाही. माझ्या मुसळाने. झारा पोटात होती. तो उखळाशी आला, मी भ्याले आणि हाणलं. तेव्हाही एवढाच मोठा होता.”

 मग तोम्बोच म्हणाला, “असलं खोटं कुठली आई बोलेल? बाई, लिहून घ्या.”

हांताबाईंनी लिहिलं: वय बारा वर्षांहून जास्त.

वेलोमोराला काम मिळाल्याचा आनंद झालाच, पण त्याचे डोळे बायकोवर होते. “इतकी वर्षं एकटीच भीत राहिलीस? वेडी की काय तू!”

“सांगितलं असतं तर तुम्हीही भ्याला असता,” बाओवोला म्हणाली. “झारा जन्मली त्या दिवशी तुम्ही गावभर नाचत होतात, आणि मी तिची बोटं पुन्हा पुन्हा मोजत होते.”