पाठीमागचा कोट

माणसाला भिंतीतून सोडवणं हा फोटोवाल्याचा धंदा होता. रंग नसलेल्या फोटोत माणूस उठून दिसायचा तर मागची छटा त्याच्याहून वेगळी हवी, एवढंच त्याचं शास्त्र. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तो डोळे किलकिले करायचा. रंग विरून जायचे, फिकं आणि गडद तेवढं उरायचं. मग त्याप्रमाणे तो मागचा पडदा बदलायचा.

आईचा मात्र एकही फोटो त्याच्याकडे नव्हता. कॅमेरा दिसला की ती हाताने तोंड झाकायची. आज ऑपरेशनला नेण्याआधी तीच म्हणाली, "काढ एकदाचा. परत येईन, न येईन."

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. पांढरी भिंत, पांढरी चादर, पांढरा झगा, पांढरे केस. आई गायब. भिंतीला नुसते दोन डोळे फुटले होते. पडदे सगळे स्टुडिओत, आणि नर्स दारात.

"चला, आत वाट बघतायत."

"दोन मिनिटं, सिस्टर."

"एक."

तेवढ्यात थोरला भाऊ आला. वकील, कोर्टातून तडक, अंगात काळा कोट. दोघांत कित्येक वर्षांचा अबोला होता, आणि त्याचं मूळही छटेतच होतं. धाकट्याने शिकाऊपणी दादाच्या लग्नाचे फोटो काढले होते. काळा सूट, मागे काळपट पडदा. अल्बमभर नवरीच्या शेजारी नवरदेवाचं नुसतं मुंडकं तरंगत होतं. सासुरवाडी अजून हसत होती, आणि वकिलाने खटला मिटवला नव्हता.

धाकट्याने कोटाकडे पाहिलं.

"दादा, आईच्या मागे उभा राहा."

"का?"

"कोट हवाय."

"काढून देतो. टांग."

"इथे खुंटी नाही. तूच राहा."

दादा खाटेमागे जाऊन उभा राहिला. "त्या वेळी माझं डोकं तेवढं आलं होतं. आता?"

"आता तेवढंच येणार नाही."

आई फसकन हसली. त्याच क्षणी त्याने खटका दाबला आणि त्याच क्षणी नर्सने खाट ढकलली. पाहता पाहता खाट दाराबाहेर गेली.

बाहेर बाकड्याच्या दोन टोकांना दोन भाऊ बसले. खाट आधी हलली की खटका आधी पडला, हेच धाकट्याला आठवेना. हलली असेल, तर आईऐवजी नुसता पांढरा डाग.

"आला का?" दादाने समोरच्या भिंतीला विचारलं.

"फिल्म धुतल्याशिवाय कळत नाही."

"मग जा, धू."

"ती बाहेर आल्याशिवाय नाही."

वकिलाने हरकत घेतली नाही. थोड्या वेळाने तो बाकड्याच्या मध्यापर्यंत सरकला.

आई बाहेर आली. टाके सुकल्यावर तिने फोटो हातात घेतला. कोटाच्या काळोखावर तिचे केस उजेड पडल्यासारखे उमटले होते, तोंड हसताना उघडं, एक कान किंचित हललेला. मागे कोट, त्याच्या वर गळा, आणि मग फोटोच संपला होता.

"लग्नातला तो फोटो याच्या शेजारी लावा," ती म्हणाली. "दोन्हींत मिळून माझा थोरला पुरा होईल."

खिळा दादानेच ठोकला.