द्रौपदीची जागा

जेवणाची सुट्टी झाली की वृषाली परब ऑफिसचं दार ओढून घेते आणि टेबलावर डोकं टेकते. दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही, असं रोज ठरवते. आज डोळे मिटले तरी डोकं थांबायला तयार नाही. भिंतीपलीकडून डबे उघडल्याचे आवाज येतायत, बायकांचं बोलणं, कुणाचं तरी खळखळून हसणं. ती तिकडे गेली की हे सगळं एकदम बंद पडतं. या काजूच्या कारखान्यात सुपरवायझर होऊन तिला सात महिने झाले, आणि एकही बाई तिच्यासमोर कधी अशी हसलेली नाही.

तिने करायचं काय बाकी ठेवलंय? कुडाळला दोन दिवसांचं नेतृत्व विकास शिबिर केलं, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं. रोज सकाळी पाच मिनिटांची मीटिंग सुरू केली, त्यात ती एकटीच बोलते. महिन्यातल्या उत्कृष्ट कामगाराचा फोटो लावायला बोर्ड आणला; जिचा फोटो लागला तिने दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. गप्पांपायी काम बिघडतं म्हणून वर्षानुवर्षांच्या जागा मोडल्या आणि नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे सगळ्यांना नव्याने बसवलं. तर गर तुटायचं प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. सगळ्यांत जास्त तोडते द्रौपदी मेस्त्री, एकोणीस वर्षं इथे बिया कापणारी बाई. शेटनी सकाळीच सांगून टाकलं, तिला सोमवारपासून येऊ नको म्हणा. वृषालीने तिला दोन वाजता बोलावलंय. कसं सांगायचं याचे शब्द जुळवता जुळवता पलीकडचे आवाज लांब जातात.

टेबलाच्या कडेला बसून गवसकाकी पेज खातायत.

वृषालीच्या आधी तेवीस वर्षं काकीच इथल्या सुपरवायझर. गेल्या श्रावणात त्या वारल्या, वृषाली त्यांच्या बाराव्याला जेवून आलेली आहे. हे सगळं तिला आत्ताही नीट आठवतंय आणि त्याचं नवल वाटत नाही. राग मात्र येतो. मेल्यावरसुद्धा ही बाई इथे कशी ऐसपैस बसलीय आणि आपण जिवंत असून स्वतःच्या ऑफिसात अवघडून उभ्या आहोत.

"काकी, तुम्ही यांना कसं सांभाळलंत?" ती विचारते. मग थांबतच नाही. मीटिंगचं सांगते, बोर्डाचं सांगते, बायका कशा तोंडाला कुलूप लावून बसतात ते सांगते, सगळा पाढा वाचते. काकी लोणच्याची फोड चोखत ऐकतात. वृषालीचं बोलणं संपल्यावर त्या म्हणतात की पेज थंड झाली.

वृषालीचं डोकंच फिरतं. तिला वाटतं की ताटली हिसकावून घ्यावी. तुम्ही मला चाव्यांचा जुडगा दिलात आणि निघून गेलात, ती म्हणते, एक वही नाही, एक ओळ नाही. काकी उठतात, दार उघडतात.

दाराबाहेर अंगण नाही. कुडाळचा शिबिराचा हॉल आहे. पंखे फिरतायत, पडद्यावर प्रोजेक्टरचा कोरा उजेड पडलाय, आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या जागी कारखान्याची कापायची मशीनं ओळीने मांडलीत. काकींच्या हातात अजून ताटली आहे.

"पयल्याच वर्साक मी एकीक कामावरसून काढलंय," काकी म्हणतात. "हयसरच आसा ती. रोज दिसता. बोलणा नाय."

"काय केलं होतं तिने?"

"मी तेवा इचारूक नाय. आता इचारतंय, तर ती सांगणा नाय."

वृषाली मागे वळून हॉलभर बघते, पण तिथे कुणी नाही. काकी तिला खांद्याला धरून ओळीच्या मधल्या मशीनवर बसवतात. ही द्रौपदीची नवी जागा, हे वृषालीला न सांगता कळतं. तिचीच ओढणी घेऊन काकी तिचा उजवा हात पाठीमागे बांधतात. अगदी हळू, पोरीची वेणी घालावी तसा.

"आता काप," त्या सांगतात.

कापायचं म्हणजे एका हाताने बी पात्यांमध्ये धरायची आणि दुसऱ्याने दांडा ओढायचा. बांधलेल्या हातानेही कशी कोण जाणे बी धरली जाते, पण दांडा ओढायचा राहतो डाव्या हाताने, आणि दांडा आहे उजवीकडे. वृषाली अंग पिळून छातीवरून हात पलीकडे नेते. शेजारी कुणीच नाही, तरी तिचं कोपर कुणाच्या तरी बरगडीत जाऊन आपटतं. दांडा ओढला जातो तोवर बी सरकलेली असते. गर चुरतो. दुसरी बी चुरते, तिसरीही. टरफलातलं काळं तेल अंगठ्यावर उडतं आणि चटका बसतो.

"या मशीनवर डाव्या हाताने कोण कापू शकेल?" ती रडकुंडीला येऊन विचारते.

प्रोजेक्टरचा उजेड फुटतो, त्याच्या ठिणग्या होतात. ओळीच्या टोकाच्या मशीनवर एक वेल्डर वाकलाय आणि दांडा काढून डाव्या अंगाला बसवतोय. त्याच्यापाशी उभ्या आहेत काकीच, केस काळे असलेल्या. बाजूला द्रौपदी, पंचविशीतली, डाव्या हाताने दांडा ओढून बघतेय आणि खळखळून हसतेय.

रोज सकाळी द्रौपदी हजेरीपटावर डाव्या हाताने सही करते. वृषालीच्या नाकासमोर. सात महिने वृषाली फक्त सही किती वाजता झाली एवढंच बघत आलीय. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं, पण एक हात बांधलेला आहे आणि दुसरा दांड्यावर.

"काकी, हे लिहून का नाही ठेवलंत?"

"काय काय लिवतलंय गो?" काकी म्हणतात. त्यांचा आवाज थकलेला आहे. त्या रिकामी ताटली घेऊन ओळीतून चालत जातात, प्रत्येक मशीनपाशी जरा थांबतात, आणि दारावर टकटक होते.

दोन वाजायला पाच मिनिटं आहेत. दारात द्रौपदी उभी आहे, काखेत पिशवी घेऊन. डोळे सुजलेले. कुणीतरी तिला आधीच सांगितलेलं दिसतंय.

वृषाली ताडकन उठते. सकाळपासून जुळवलेले शब्द तिला आठवत नाहीत, आणि आठवायचेही नाहीत.

"तुमी डावऱ्या?"

"व्हय."

"मगे मशीन बदललां तेवा कित्याक बोलूक नाय?" तिचा आवाज चढतो. हा राग कुणावरचा आहे ते तिचं तिला ठाऊक आहे.

द्रौपदी खाली बघते. "तुमीच सांगितलास ना, म्हयनोभर कोणी जाग्याबद्दल बोलूचा नाय. म्हयनो शुक्रवारी सरता. शनवारी सांगणार होतंय."

बदलाला महिनाभर वेळ द्या, तोवर तक्रारी ऐकू नका, असं शिबिरातच शिकवलं होतं. वृषालीने ते वहीत अधोरेखित केलं होतं. आज बुधवार आहे.

"जावा, तुमच्या जुन्या मशीनार बसा," ती म्हणते. "थयसर बसलेल्या हेमाक उठवतंय मी. शेटांकय मीच सांगतंय, चूक माझी म्हणान."

द्रौपदी आभार मानत नाही. का मानावेत? पिशवी सावरून ती वळते, आणि उंबऱ्यापाशी थबकून वृषालीच्या हाताकडे बघत राहते.

"ता साबणान जावचा नाय," ती म्हणते. "खोबरेल लावा. तुमी बियो कधी कापलास?"

वृषाली हात वर करते. डावा अंगठा नखापासून पेरापर्यंत काळा झालाय, कडेला बारीक फोड आलाय आणि तो चुरचुरतोय.