क्षारपड रानातला करंज

मिरजेच्या फलाटावर मी रडत होते. आईनं डबा हातात दिला. वडील, म्हणजे आबा, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना स्वतः निघायची सवय, दुसऱ्याला सोडायला यायची नव्हती. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "शिकाय चाललीस तर आपल्या मातीचं काय तरी बघ."

ते वाक्य घेऊन मी चेन्नईला आले. आमचं कृष्णाकाठचं रान उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालं होतं. वर पांढरं मीठ फुललेलं. ऊस गेला, बांधावरचा करंज तेवढा हिरवागार राहिला. प्रयोगशाळेत मी तोच विषय घेतला. पानातल्या हिरव्या कणांना, हरितलवकांना, स्वतःचा छोटा, गोल जीनोम असतो, म्हणजे डीएनएचं एक वर्तुळच. तो अख्खा वाचायचा. इथं करंजाला पुंगई म्हणतात. मीही आता रिक्षावाल्याशी मोडक्या तमिळमध्ये भांडते. पानं मात्र आबांनी वाळवून पाठवलेली, आमच्याच बांधावरची.

पानांच्या चिकटपणामुळं डीएनए स्वच्छ येईना. मग वाचलेले तुकडे संगणकावर जोडताना एक फट राहिली, ती काही केल्या बुजेना. आबा फोनवर विचारायचे, "कुठवर आलंय?" आणि मी आईला फोन द्यायला सांगायचे. वर्तुळ जुळलं तरी आमचं रान सुधारणार नव्हतं, हे मला केव्हाच कळलं होतं. सांगायचं धाडस नव्हतं.

एका सकाळी ते जुळलं. मी लगेच फोन लावला आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. "आबा, झालं. पर ह्यानं आपलं रान न्हाई सुधारायचं. झाडाचं कूळ कळंल, तेवढंच."

"मला ठावं हाय की. रानात जमिनीखालनं पाईप घातल्यात, खारं पानी वढ्याला चाललंय. औंदा शाळू पेरलाय."

"मग तवा मातीचं बघ का म्हणालात?"

"तू रडत हुतीस. काय तरी बोलाय नगो व्हय?"

मी हसत सुटले, आणि हसता हसता परत रडले.

माझ्यासारखे जे निघून आलेत, त्यांनी एकदा घरी विचारून बघावं. आपण वाहत असतो ते ओझं कधीकधी कुणी दिलेलंही नसतं. मागच्या महिन्यात गावी गेले आणि पहिल्यांदाच नमुन्यांच्या पिशव्या नेल्या नाहीत. दुपारी घराच्या पुढच्या सोप्यात आडवी झाले ती थेट दिवस कलल्यावर उठले. कुणी उठवलं नाही. आता घर म्हणजे जिथं कुणी काही मागत नाही, तेवढीच जागा.