सुटी मागायची नाही, कळवायची

टोकियोत तोयोसूच्या आमच्या टॉवरमध्ये माझ्यासारखे कंत्राटी इंजिनियर बरेच. करखात्याने उद्या आम्हाला कंपनीचे नोकर ठरवलं, तर मागचा कर भरून देणारा विमा विकायला एक मराठी गृहस्थ येतात. दर वाक्याला टायची गाठ चाचपतात.

"साहेब म्हणायचं नाही, क्लायंट म्हणायचं. सुटी मागायची नाही, नुसती कळवायची. मागितलीत की नोकर ठरलात."

परवा हे सांगतानाच त्यांचा फोन वाजला. ते उठून उभे राहिले, फोनसमोर कमरेत वाकले आणि मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमासाठी जपानीत अर्ध्या दिवसाची सुटी मागू लागले. मिळाली नाही.

"तुम्हीही कंत्राटावरच ना? मग हा विमा घेतलात का?" मी विचारलं.

त्यांनी गाठ चाचपली. "अर्ज केला होता. जोखीम फार आहे म्हणून साहेबांनी नाकारला."