फाटलेल्या आवाजाचं कौतुक

आमच्या ह्यांचा आवाज गोड, आणि तोच त्यांच्या मुळावर आला होता. दिवसभर कडकोळच्या कारखान्यात नोकरी करायचे आणि संध्याकाळी हॉटेलात गिटार घेऊन ब्लूज गायचे. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं. म्हैसूरच्या रंगाऱ्याच्या घरातल्या माणसाला त्याचं वेड कुठून लागलं, देव जाणे. बेंगळुरूचे इंग्रजी पेपरवाले कधीमधी लिहायचे, पण दर वेळी तेच: बोटं चांगली, गळा फार गुळगुळीत, दुःख कुठं दिसत नाही. असं काही छापून आलं की हे घरात कोणाशी धड बोलायचे नाहीत.

रिटायर झाल्यावर हिनकलच्या एका स्टुडिओत त्यांनी पहिला आल्बम केला. तेव्हाच आवाज बसला होता. आलं-मध झालं, हळदीचं दूध झालं, नाही नाही ते काढे झाले, घसा काही सुटेना. "डॉक्टरला दाखवा" म्हणून मी मागे भुणभुण लावली. "रेकॉर्डिंग होऊ दे ग, मग बघू," एवढंच उत्तर. शेवटी आल्बम बाहेर आल्यावर मीच जाऊन घशाच्या डॉक्टरची वेळ घेऊन आले.

नेमकं डॉक्टरकडे जायच्या दिवशी सकाळी पेपरात आल्बमचं परीक्षण आलं. चांगलं मोठं, फोटोसकट. ह्या गळ्यात आता कुठं आयुष्य उतरलंय, असा खरखरीत आवाज कमवायला जन्म जातो, असं काहीबाही लिहिलं होतं. मोबाइल वाजायचा थांबेना. मी साडी बदलून पर्स घेऊन दारात उभी, आणि हे चपला घालायला तयार नाहीत.

"आता कशाला जायचं? घसा बरा झाला तर परत गुळगुळीत म्हणतील."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? गिळताना दुखतं म्हणता ना?"

"सुम्ने बस ग," म्हणाले, गप्प बस म्हणून, आणि पेपर उघडून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

मग कार्यक्रमांची बोलावणी आली. हे जात राहिले, गात राहिले. आधी भात उतरेना, मग पेजसुद्धा. डॉक्टरनं नळी घालून बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, इतके दिवस काय करत होता? कॅन्सरची गाठ होती. ऑपरेशनात स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. श्वासाला गळ्यावर एक भोक तेवढं राहिलं.

घरी आणल्यावर तो परीक्षण लिहिणारा माणूस भेटायला आला. माणूस वाईट नव्हता, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "सर, तुमच्या आवाजातलं ते दुःख," असं सुरू केलं त्यानं आणि मला राहवलं नाही.

"दुःख नव्हतं हो ते, गाठ होती," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ह्यांनी हातानंच मला आत जायला सांगितलं.

तो गेल्यावर मी विचारलं, "त्या सकाळी डॉक्टरकडे आला असता तर आवाज राहिला असता. वाईट वाटतं का आता?"

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. वर हसले.

मला असा संताप आला की पेजेची वाटी तिथंच ठेवून मी मागच्या दारी गेले. त्यांना परीक्षण मिळालं, त्यांचं भागलं. पण त्यापायी जो आवाज घालवला, त्यानं लग्न झाल्यापासून मला हाक मारली होती. तो द्यायचा की नाही, हे मला कोणी विचारलंच नाही.