राजसआत्या आणि रेवाचा डावा डोळा

राजसबाई माझी आत्या. चेन्नईत अड्यारला डोळ्यांच्या एका दवाखान्यात आया आहे. डॉक्टर तपासताना पोराचं डोकं हलू द्यायचं नाही, हे तिचं काम. बारा वर्षं तेच. मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात मला टोचून न बोललेली ती एकटीच. तिला कुणी वाकडं बोललेलं मला खपत नाही.

गेल्या वर्षी, २००५ साली, माझ्या दादाला, रविकांतला, मुलगी झाली. रेवा. पंधरा दिवसांनी तिच्या डाव्या पापणीवर लाल ठिपका उठला. आई म्हणाली, "देवानंच गालबोट लावलंय. आता दृष्ट लागायची नाही." झालं. ठिपक्याची बोराएवढी गाठ झाली, डोळा झाकत आला, तरी दाखवायला न्यायचं नाव कुणी काढेना.

चौथ्या महिन्यात आत्या आमच्याकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला आवडी नावाच्या उपनगरात, आली. रेवाला मांडीवर घेऊन तिनं डाव्या डोळ्यावर तळहात धरला. पोर खेळतच राहिली. मग उजवा झाकला. रेवानं किंचाळून घर डोक्यावर घेतलं.

"रवी, डाव्यानं हिला दिसत नाहीये. उद्या दवाखान्यात ने."

"आया आहेस, डॉक्टर नाहीस," दादा म्हणाला. "स्वतःला मूल नाही म्हणून आमच्या पोरीत खोट काढतेस?"

मी दादाला जे बोलले ते इथे लिहीत नाही.  आत्या वहिनीला एवढंच म्हणाली, "नीलम, तू झाकून बघ."

नीलमवहिनीनं तीनदा बघितलं. सकाळी सगळ्यांच्या आधी चप्पल घालून तीच दारात उभी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तवाहिन्यांची गाठ आहे, कॅन्सर नाही. अशा गाठी बहुतेक आपोआप विरतात. पण ही डोळा झाकतेय, आणि न वापरलेला डोळा बघायला शिकत नाही. हिला थांबून चालणार नाही."

स्टिरॉइडचं औषध सुरू झालं. त्यानं रेवाचं तोंड फुगलं. शेजारच्या म्हणाल्या, काय बाळसं धरलंय! वहिनी आत जाऊन रडली.

गाठ हळूहळू बसली. डोळा मात्र मागे पडला होता. त्याला कामाला लावायला चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. वहिनीच्या हातून ती लागेना. मग आत्या ड्युटी संपवून बसनं, मग लोकल गाडीनं आवडीला यायला लागली. किती सुधारेल, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

पट्टी लागली की रेवा आत्याला बोचकारते, चावते. दादा बाहेर निघून जातो. आत्या तिचे दोन्ही हात धरून बसते. दोन तास पुरे झाल्याशिवाय उठत नाही.