चालताना बोलायचं

दुसऱ्या खेपेला दिवस राहिले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, सगळं ठीक आहे, रोज अर्धा तास सपाट रस्त्यावर चाला. वेग एवढाच ठेवा की चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागली किंवा चक्कर आली की थांबायचं.

सोबत सासूबाई होत्या. अक्कलकोटकडच्या शेतकरी घरातल्या, डॉक्टरच्या शब्दात काना-मात्रेचा फरक न करणाऱ्या. त्यांनी यातून एवढंच उचललं, की चालताना बोलणं हे औषध आहे आणि ते चुकवायचं नाही.

आमचं बोलणं तसं बंदच होतं. पहिल्या खेपेचं बाळ तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हापासून आम्ही दोघी मिठामिरचीपुरतं बोलायचो. त्या मला दोष देतात अशी माझी पक्की समजूत होती. या वेळी मला जिना चढायचीही भीती वाटायची.

ऊन तापायच्या आत आम्ही सात रस्ता चौकाकडे निघायचो. दहा पावलं गप्प गेली की त्या म्हणायच्या, "बोल की." मी दुकानांच्या पाट्या वाचल्या. पाट्या संपल्यावर सतराचा पाढा म्हटला. ऑफिसातल्या साहेबांना नावं ठेवली, तीही आठवड्यात संपली. त्या स्वतः मात्र गप्प. औषध मला सांगितलेलं, त्या कशाला घेतील?

पाचव्या महिन्यात एका सकाळी माझ्याकडे काहीच उरलं नाही, म्हणून मी खरं तेच बोलले.

"मागच्या वेळी मी ओल्या चादरींच्या बादल्या गच्चीवर नेल्या, म्हणून तुम्ही रागावलाय माझ्यावर."

त्या चालायच्या थांबल्या. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"बादल्या मीच दिलत्या की तुला. काम केलं की बाळंतपण सोपं जातंय, असं मीच म्हनले. तुझ्याकडं बघायला तोंड न्हाई मला."

मी शेजारी बसले. मला माझीच लाज वाटली. बादल्यांमुळे काही झालेलं नाही, गर्भच नीट वाढत नव्हता, कुणाचीच चूक नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी ते घरी मुद्दाम सांगितलं नव्हतं. रागावतात तर रागावू देत, असा माझा तोरा होता.

आता सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग तोंडाला पदर लावून, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, दीड वर्षाचं एकदम रडल्या.